झोहराआपा, मधली वीस वर्षं सांगा ना

प्रिय झोहराआपा,

एवढं हसत का होतात तुम्ही?

मुलाखतीला कोणीही समोर येऊन बसो, तुमचं लगेच सुरू. आधी स्वतःच्या रूपाची चेष्टा, मग वयाची, आणि त्यावर ते गडगडाटी हसू. विचारणारा आधी दचकायचा, मग विरघळायचा, आणि जे विचारायला आला होता ते बाजूलाच राहायचं. नव्वदीनंतरच्या तुमच्या त्या मुलाखती मी परत परत पाहते. दर वेळी वाटतं, आता हा विचारेल, आता ही तरी विचारेल. कोणी विचारत नाही. आणि तुम्हीही कोणाला तिथवर येऊ देत नाही.

आज जरा भांडायचंच ठरवून लिहायला बसले आहे. रागावू नका.

मी कोण, ते आधी सांगते. मी टीव्हीवर आया रंगवते. नायिकेची आई, नायकाची काकू, आणि अलीकडे आजी. घोडबंदर रोडवरच्या एका सेटवर माझा बहुतेक दिवस जातो. त्याआधी मी नाचायचे. कथक. गुरूंसमोर उभं राहून, पाय सुजेपर्यंत केलेला रियाज होता तो. पुढे संसार आला, मग गुडघ्यांनी आपलं म्हणणं मांडलं, आणि कोणाच्या तरी ओळखीनं कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं काम मिळालं. नाचणारी बाई नाच थांबल्यावर कुठे जाते, हे मला त्या दिवसांत कोणीतरी सांगायला हवं होतं. शोधत गेले, तर तुम्ही सापडलात. तेव्हापासून तुम्ही माझ्या आहात. तुम्हाला विचारायचं राहून गेलं, एवढंच.

तर परवा एका नव्या मालिकेसाठी फोन आला. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, गोड, खट्याळ आजी आहे. झोहरा सेहगल टाइप." पोर गुणी आहे, तिला बोल लावत नाही. पण तेव्हापासून डोक्यातून ते जात नाही. टाइप? आपा, तुम्ही टाइप कधी झालात?

तिला सांगावंसं वाटलं की बाळा, ही बाई 1912 साली सहारनपूरला एका पठाण खानदानात जन्मली. पूर्ण नाव साहिबजादी झोहरा मुमताजउल्ला खान बेगम. वर्षाची असताना काचबिंदूनं डावा डोळा गेला. लाहोरच्या क्वीन मेरीज कॉलेजात पडदा पाळत शिकली. आणि 1930 साली मामाच्या मोटारीत बसून लाहोरहून निघाली ती इराण, दमास्कस, पॅलेस्टाईन असं करत इजिप्तपर्यंत, आणि तिथून बोटीनं युरोपात. अठरा वर्षांची मुलगी! त्या वयात आमच्याकडच्या मुलींना शेजारच्या गावच्या जत्रेलासुद्धा एकटं पाठवत नव्हते.

ड्रेस्डेनला मेरी विगमनच्या शाळेत तुम्ही दाखल झालात, तेव्हा तुम्ही आयुष्यात कधी नाचला नव्हतात. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. आमच्यात सात-आठ वर्षांची पोर उशिरा आली असं समजतात. आणि तुम्ही मोठ्या झाल्यावर, कसलीही पूर्वतयारी नसताना, युरोपातल्या नव्या नृत्याच्या सर्वांत कडक बाईसमोर जाऊन उभ्या राहिलात. तिथे ना राधा होती, ना कृष्ण. अनवाणी पाय, लाकडी जमीन, ढोल आणि घंटा, कधी कधी तर नुसती शांतता. शरीराला आत काय वाटतं ते शरीरानंच शोधायचं. तीन वर्षं तुम्ही ते केलंत. तिथे शिकलेल्या तुम्ही पहिल्या भारतीय. आणि तुम्ही तिथे असतानाच, 1933 च्या जानेवारीत, हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला.

आपा, मला तुमच्या चालण्यात ती ड्रेस्डेनची जमीन दिसते. खरंच सांगते. पाठीला बाक आल्यावर, हातात काठी आल्यावरसुद्धा तुम्ही पाऊल टाकायच्या आधी वजन कुठे आहे ते तपासायचात. घाईनं टाकलेलं पाऊल मी तुमचं पाहिलंच नाही. बाकीच्यांना वाटतं, म्हातारी जपून चालतेय. मला कळतं, ही बाई अजून जमिनीशी बोलतेय.

मग नर्तक उदय शंकरांची तार. युरोपात त्यांचा कार्यक्रम तुम्ही पाहिला होता, काम देईन असं त्यांनी कबूल केलं होतं, आणि तुम्ही परत आल्यावर तार आली की जपानच्या दौऱ्यावर निघतोय, लगेच येता येईल का. 8 ऑगस्ट 1935 ला तुम्ही त्यांच्या कंपनीत आलात. पुढची पाच वर्षं जपान, इजिप्त, युरोप, अमेरिका. उदय शंकर, त्यांची नृत्यसाथीदार सिमकी, आणि तुम्ही. रविशंकर तेव्हा त्याच कंपनीतला कोवळा पोरगा. ही वर्षं तुम्ही भरभरून सांगितली आहेत, म्हणून मी त्यात शिरत नाही. सुखाबद्दल तुम्ही कधीच हात आखडता घेतला नाहीत.

अल्मोड्याचंही सांगितलंत. हिमालयाच्या अंगावर उदय शंकरांनी काढलेलं ते कल्चर सेंटर: कथकळीला शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमला कंदप्पा पिल्लै, मणिपुरीला आमोबी सिंग, संगीताला बाबा अल्लाउद्दीन खाँ, आणि या सगळ्यांमध्ये शिकवायला तुम्ही. असा शिक्षकवर्ग या देशात पुन्हा एका छपराखाली आला असेल असं मला वाटत नाही. तिथल्या विद्यार्थ्यांत एक गुरुदत्त पदुकोण होता. पुढे त्यानं 1951 साली 'बाजी' काढला, तेव्हा नृत्यदिग्दर्शन तुमच्याकडे आलं. आणि दुसरा एक विद्यार्थी होता, इंदूरचा, तुमच्याहून आठ वर्षांनी लहान, हिंदू, शास्त्र शिकलेला, चित्रं काढणारा, नाचणारा, मिश्कील. कामेश्वर सेहगल.

लग्न 14 ऑगस्ट 1942 चं. नेहरू येणार होते. पण 8 ऑगस्टच्या रात्री मुंबईत गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला आणि 9 च्या पहाटे त्यांना अटक झाली. तुमच्या लग्नातला एक पाहुणा इतिहासानं मधल्यामध्ये उचलून नेला. हे तुम्ही किती गमतीनं सांगायचात! तुमच्या तोंडून सगळीच मोठी माणसं शेजारपाजारची होऊन जायची.

लाहोरला तुम्ही दोघांनी मिळून नृत्यशाळा काढली. झोहरा आणि कामेश्वर, म्हणून 'झोरेश'. नाव तरी किती लाडकं. पण लाहोरची हवा बिघडत चालली होती. हिंदू नवरा आणि मुसलमान बायको कोणाच्याच डोळ्यांत मावेनात, आणि वर्षाच्या किरणला कडेवर घेऊन तुम्ही मुंबईला आलात.

इथून तुम्ही आमच्या. 1945 ते 1959, चौदा वर्षं पृथ्वी थिएटर्समध्ये. महिना 400 रुपये. ऑपेरा हाउसला 'दीवार', 'पठाण', 'गद्दार', 'आहुती'. धाकटी बहीण उझरा नायिका, आणि तुम्ही जे वाट्याला येईल ते. शिवाय सगळ्या कंपनीचा नाच बसवायचा, व्यायाम घ्यायचा. गावोगावचे दौरे, रेल्वेचे डबे, धर्मशाळा. खेळ संपल्यावर दारात झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहणारे पृथ्वीराज कपूर, तुमचे पापाजी. आमच्या नाटकवाल्यांना दौरा काय असतो ते सांगावं लागत नाही. बसमध्ये अंग आंबतं, पोट बिघडतं, घरी पोर तापानं फणफणलेलं असतं आणि तिसरी घंटा झाली की चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. तुमची तर दोन पोरं होती. किरण आणि पवन. एवढी वर्षं कसं जमवलंत? हे विचारलं की तुम्ही पृथ्वीराजांचं कौतुक सुरू करायचात. ते ठीकच आहे, माणूस होताच तेवढा मोठा. पण मी तुमच्याबद्दल विचारत होते ना?

आणि एक विचारू? उझरा देखणी, उझरा नायिका, हे तुम्ही स्वतःच सगळ्यांना सांगायचात, तेही चेष्टेत गुंडाळून. सख्ख्या बहिणीच्या मागे चौदा वर्षं दुसऱ्या रांगेत उभं राहणं काय असतं, हे मी सेटवर रोज पाहते. माझ्यासोबत काम करणाऱ्या दोन बहिणी आहेत. धाकटी मुख्य भूमिकेत, थोरली तिची वहिनी. थोरली दर वेळी शॉट झाला की धाकटीची बट सारखी करते. तिचा तो हात बघितला की तुम्ही आठवता. तुम्हीही अशीच बट सारखी केली असणार, आणि मग रंगपटात जाऊन आरशात स्वतःकडे पाहिलं असणार. ते पाहणं कसं होतं?

1959 ला कामेश्वर गेले. स्वतःहून गेले.

यावर मी काही लिहीत नाही. तुम्ही जेवढं लिहिलंत तेवढंच मला पुरे आहे, आणि जे लिहिलं नाहीत ते तुमचं. पुढच्याच वर्षी पृथ्वी थिएटर्सही बंद पडलं. घर आणि कंपनी, दोन्ही एकदम. तुम्ही पोरांना घेऊन दिल्लीला गेलात, तिथे नाट्य अकादमीचं काम पाहिलंत, आणि 1962 साली शिष्यवृत्ती घेऊन लंडनला. नाटक शिकायला. वय वर्षं पन्नास.

मला इथे थांबायचं आहे, आपा. इथेच. कारण बाकी सगळे इथून टुणकन उडी मारतात आणि थेट 1984 ला जाऊन पोचतात. मधल्या बावीस वर्षांना दोन ओळी. मीही वीस-बावीस असंच मोघम म्हणत आले.

तुम्ही ओल्ड व्हिक थिएटरमध्ये ड्रेसर होतात. आमच्याकडे त्याला कपडेपट म्हणतात. लोकांना वाटतं, कपडे सांभाळायचे, त्यात काय एवढं. मला विचारा. विंगेत अंधार असतो. नटी धावत येते, घामानं थबथबलेली, श्वास वर लागलेला. तिच्या अंगावरचं ओलं पोलकं सोलून काढायचं, दुसरं चढवायचं, पाठीचे हुक बोटांनी चाचपत लावायचे, तोंडात धरलेल्या पिना एकेक करून टोचायच्या, आणि तिला न टोचता. ती काही बोलत नाही, तिच्या डोक्यात पुढचं वाक्य चालू असतं. तिला हलकंच ढकलायचं. ती उजेडात जाते. आपण अंधारात तिचं ओलं पोलकं हातात घेऊन उभे. मग उजेडातून टाळ्या ऐकू येतात. मी सुरुवातीला हे केलं आहे, नाटकात, पैसे हवे होते म्हणून. माझ्या जागी तरुण वय होतं आणि पुढे काहीतरी होईल अशी आशा होती. तुम्ही जपानपासून अमेरिकेपर्यंतची थिएटरं नाचून आला होतात, पृथ्वीराजांच्या बरोबरीनं उभ्या राहिला होतात, आणि परक्या देशात, पन्नाशी ओलांडल्यावर, दुसऱ्याच्या पाठीचे हुक लावत होतात.

तेव्हा तुम्हाला काय वाटलं? एवढं एकच विचारायचं आहे मला. हसू नका. सांगा.

रामगोपाल यांच्या चेल्सीतल्या नृत्यशाळेत तुम्ही शिकवायला लागलात. ती शाळा फार दिवस चालली नाही. 1964 ला बीबीसीवर किपलिंगच्या एका कथेत पहिलं टीव्हीचं काम. मग 'डॉक्टर हू'मध्ये एवढंसं काम, ज्याला श्रेयनामावलीत नावसुद्धा नाही. विलायतेतल्या टीव्हीला तेव्हा गव्हाळ रंगाची बाई कशाला लागायची? चहा आणून देणारी, दार उघडणारी, मागे उभी राहणारी. आणि तुम्ही ती कामं घेतलीत. 1976-77 ला 'पडोसी' आलं, नव्यानं तिथे राहायला आलेल्या आपल्या लोकांसाठी. 26 भाग, सूत्रधार तुम्ही. त्या कार्यक्रमाबद्दल मला सगळ्यांत जास्त कुतूहल आहे, आणि त्याबद्दलच कमीत कमी बोललं जातं. थंडी, नवी भाषा, कारखान्यातल्या पाळ्या, आणि संध्याकाळी दिवाणखान्यातल्या पेटीत साडी नेसलेली, आपल्या जिभेत बोलणारी तुमच्यासारखी बाई. किती बायकांनी तुमच्याकडे पाहून दिवस काढले असतील!

हे असं कॅमेऱ्यासमोर मागे उभं राहणं मला ठाऊक आहे, आपा. तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणून तुमच्याशी बोलतेय. मालिकेत सोळा माणसं दिवाणखान्यात उभी असतात. संवाद तिघांना. उरलेल्यांनी 'रिअ‍ॅक्शन' द्यायची. दिवसभर साडीच्या निऱ्या सांभाळत उभं राहून जी रिअ‍ॅक्शन दिली ती पडद्यावर क्षणभर दिसते किंवा दिसतही नाही. अशा वेळी अंगातला नाच उपयोगी पडतो. म्हणजे काय होतं, तर उभं राहता येतं. नुसतं उभं राहणं फार कमी नटांना येतं. ते अंग चोरतात, नाही तर भाव खातात. नाचलेली बाई वजन दोन्ही पायांवर घेऊन, कणा सोडून, स्थिर राहू शकते, आणि तरी ती जिवंत दिसते. हे मला तुम्ही शिकवलंत. 'द ज्युएल इन द क्राउन'मधल्या लेडी चॅटर्जीनं शिकवलं.

ग्रॅनाडा टेलिव्हिजननं 14 भागांत केलेली ती मालिका, 1984 ची. मयापूरच्या मॅकग्रेगर हाउसची मालकीण. घरात डॅफ्नी मॅनर्ससारखी इंग्रज पोर पाहुणी, बाहेर 1942 चा भडका, आणि मध्ये ही विधवा बाई, जिला दोन्हीकडच्या लोकांशी बोलायचं आहे आणि दोन्हीकडून थोडं थोडं अपमानित व्हायचं आहे. तुम्ही किती कमी केलंत त्यात! भुवई वर करायचीसुद्धा पुरती वर करत नाही. मला एका मैत्रिणीनं कॅसेट आणून दिली होती. मी सगळी गोष्ट सोडून फक्त तुमच्याकडे पाहत होते. बाई खोलीत येते कशी, थांबते कुठे, मान कधी वळवते. शब्दाच्या आधी मान वळते, अगदी निमिषभर आधी. नाचणाऱ्यांना हे कळतं. नजर आधी जाते, मग हात, मग उरलेलं अंग. तुम्ही नाच सोडला असं कोण म्हणालं? तो तुम्ही लहान करत करत पापणीत नेऊन ठेवलात.

आणि आता कळतं, ती स्थिरता कुठून आली. ओल्ड व्हिकच्या विंगेत अंधारात उभं राहून आली. ती 1942 ची बाई तुम्ही कुठून शोधून आणली नव्हती. त्या ऑगस्टमध्ये तर तुमचं लग्न होतं.

त्याच सुमाराला इस्माईल मर्चंटनी मुंबईच्या पवनपुलावर जाऊन 'द कोर्टेझन्स ऑफ बॉम्बे' केला, त्यात तुम्ही होतात. मग चॅनेल फोरवर 'तंदूरी नाइट्स', आमच्या पुण्यात वाढलेल्या फारुख धोंडींनी लिहिलेली. सत्तरी ओलांडल्यावर बाईला कामं मिळायला लागली. लोक म्हणतात, नशीब उघडलं. मला तो शब्द आवडत नाही. दार तुम्ही वीस वर्षं धरून उभ्या होतात.

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. 1993 ला लाहोर. उझरा तीसेक वर्षांपूर्वीच पाकिस्तानात गेली होती, आणि इतक्या वर्षांनी तुम्ही दोघी एका रंगमंचावर, 'एक थी नानी'त, तुमच्याच दोघींच्या गोष्टीवर बेतलेल्या नाटकात. लाहोरनं तुम्हाला डोक्यावर घेतलं. त्या प्रयोगाआधी विंगेत तुम्ही दोघी काय बोललात? मला वाटतं, भांडला असणार. सख्ख्या बहिणी इतक्या वर्षांनी भेटल्यावर दुसरं काय करणार? एखाद्या वाक्यावरून, नाही तर प्रवेश कोणी आधी घ्यायचा त्यावरून. आणि या वेळी एकीच्या मागे दुसरी नव्हती. दोघी पुढे. हे चित्र मनात आणलं की मला फार बरं वाटतं.

पुढच्याच वर्षी कर्करोग निघाला. तुम्ही त्यालाही हसून घालवलंत, म्हणे. हसून नसतं जात काही, आपा. तुम्ही तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होतात. रोज आवाजाचा रियाज, रोज व्यायाम, फिरताना कविता घोकायच्या म्हणजे स्मरण गंजत नाही. तुम्ही इतका कडक दिनक्रम पाळायचात की विशीतल्या पोरींनी हात टेकावेत. उदय शंकरांच्या आठवणीत रविशंकरांनी 1983 ला ठेवलेल्या कार्यक्रमात तुम्ही सहज कविता म्हटल्यात आणि तिथून 'अॅन इव्हनिंग विथ झोहरा' सुरू झालं. हफीज जालंधरींची ती तारुण्याची नज्म नव्वदीच्या बाईच्या तोंडून ऐकताना लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. मी तुमचे हात बघायचे. खुर्चीत बसून, मांडीवरून इंचभर उचललेले हात. तेवढ्यात सगळं.

मायदेशी परत आलात आणि आम्ही काय केलं? आजी दिली. 'दिल से'मध्ये आजी, 'हम दिल दे चुके सनम'मध्ये आजी, 'चीनी कम'मध्ये अमिताभची आई, 'सावरिया'त घरमालकीण. त्या प्रत्येकीत तुम्ही जीव ओतलात, आणि दिग्दर्शकांनी प्रेमानंच बोलावलं, हे मान्य. 'सावरिया'त तर पृथ्वीराजांचा पणतू तुमच्यासमोर पहिलं काम करत होता. कपूरांच्या घरातल्या पणजोबाबरोबर नाटकं केलेल्या तुम्ही, आणि समोर पंचविशीतला रणबीर! पण एकही भूमिका अशी नाही, जिच्यात ड्रेस्डेन आहे, लंडनचा अंधार आहे. तुमच्या वाट्याला लेडी चॅटर्जी आली ती विलायतेच्या टीव्हीवर. आपल्याकडे कोणी तशी लिहिली नाही. याचा मला संताप येतो. आम्हाला गोड म्हातारी हवी होती, तुम्ही ती दिलीत, आणि हसत दिलीत. म्हणून तर सुरुवातीलाच विचारलं, एवढं हसत का होतात? एकदा तरी चिडायचं होतंत.

मान मिळाले. 1998 ला पद्मश्री, 2002 ला पद्मभूषण, 2010 ला पद्मविभूषण. त्याच वर्षी उझरा गेली. आणि शेवटच्या वर्षांत तुमचं मागणं काय, तर सरकारनं कलाकारांच्या कोट्यातून तळमजल्यावरचं एक घर द्यावं, म्हणजे जिने चढायला नकोत. ते मिळालं नाही. पद्मविभूषण मिळतं आणि तळमजला मिळत नाही, हे वाचलं तेव्हा मी सेटवरच होते. मेकअप रूममध्ये मोठ्यानं बोलले, तेव्हा कोपऱ्यातली एक ज्येष्ठ नटी नुसती मान हलवत राहिली. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही.

तुमच्या शंभरीला किरणताईंनी तुमच्यावर पुस्तक लिहिलं, नाव ठेवलं 'फॅटी'. लेकीनं आईला लाडानं काय म्हणावं! त्या स्वतः ओडिसी नाचतात, तुमचं अंग त्यांच्यात उतरलं आहे. ते पुस्तक वाचलं, तुमचं 'क्लोज-अप' वाचलं, आणि तरी या मधल्या वर्षांसाठी माझी भूक भागली नाही. कदाचित तुम्ही म्हणाल, काम होतं, केलं, त्यात सांगायचं काय? 10 जुलै 2014 ला तुम्ही गेलात, एकशेदोन वर्षांच्या होऊन, आणि ते सोबत घेऊन गेलात.

तुमचे उपकार कसे फेडायचे, ते मला माहीत नाही. पण एक सांगते, तुम्हाला आवडेल. ती आजीची भूमिका मी घेतली. घेताना त्या मुलीला फोन करून म्हटलं, टाइप वगैरे राहू दे, आधी मला आजीचं पूर्वायुष्य सांग. ती गोंधळली. मग लेखकाशी बोलणं झालं. तो चांगला ऐकणारा निघाला. आजीनं आयुष्यभर काय काम केलं, ते त्यानं ठरवलंच नव्हतं. आता ती नाटक कंपनीच्या कपडेपटात होती. तिच्या हातात पिना असतात, ती बोलताना नातीच्या ब्लाउजची शिवण तपासते. अजून तरी चॅनेलनं काढायला सांगितलेलं नाही.

आणि पुढच्या आठवड्यात नातीच्या संगीताचा प्रसंग आहे. नाच बसवणारा मुलगा म्हणाला, "आजी, तुम्ही खुर्चीत बसून नुसते हात हलवा, बाकी पोरं करतील." मी म्हटलं, बसूनच करेन, पण हात हलवणार नाही, मोजून करेन. मला मात्रा दे, गाणं आधी पाठव आणि तालमीला वेळ दे. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं मान्य केलं. गाणं काल आलं. बत्तीस मात्रा आहेत, शेवटच्या आठांत मान आणि डोळे एवढंच ठेवायचं माझ्या मनात आहे. लेडी चॅटर्जीसारखं, मान थोडी आधी.

तालीम उद्या सकाळी साडेनऊला. आता झोपायला हवं. बाकीचं भांडण पुढच्या पत्रात.

तुमची,
एक नाचणारी